पहिली २०० ची बीआरएम : बारा आठवड्यांची तयारी कोणत्या क्रमाने करायची

“रोज तीस किलोमीटर मारतो, ॲव्हरेज सत्तावीसचा आहे. दोनशे होईल ना?”

दिवाळी जवळ आली की हा प्रश्न हमखास येतो. दोनशे म्हणजे २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजेच ब्रेव्हे : ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. विचारणाऱ्याचे पाय बहुतेक वेळा ठीक असतात. पण १२० किलोमीटरनंतर बैठक सोलवटते, दीडशेला पोट उलटतं, हाताची करंगळी बधिर होते आणि शेवटी घड्याळ हरवतं. तयारी झालेली असते ती एक तास जोरात सायकल चालवण्याची. परीक्षा असते तेरा तास बेताने चालवण्याची.

हा लेख पुण्याच्या आसपास सराव करणारा, नोकरी सांभाळणारा आणि पहिल्यांदाच २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला उतरणारा सायकलस्वार डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. क्रम असा : आधी सायकल अंगाला बसवायची, मग बसण्याचे तास वाढवायचे, मग पोट तयार करायचं, मग थांबे आवळायचे, मग अंधार. वेग सगळ्यांत शेवटी, आणि तोही जमला तर. आपल्याकडे बहुतेक लोक नेमकं उलट्या टोकाने सुरू करतात.

## आधी गणित

२०० किलोमीटरसाठी १३ तास ३० मिनिटं मिळतात. त्यात चहा, पंक्चर, लघुशंका, फोटो, सिग्नल सगळं आलं. म्हणजे एकूण ८१० मिनिटं. आता हे बघा :

- चालताना सरासरी १८ चा वेग : सायकलवर ६६७ मिनिटं, हातात १४३
- २० चा वेग : सायकलवर ६००, हातात २१०
- २२ चा वेग : सायकलवर ५४५, हातात २६५
- २४ चा वेग : सायकलवर ५००, हातात ३१०

२२ वरून २४ वर जायला कित्येकांना सहा महिने लागतात. त्यातून मिळतात ४५ मिनिटं. तेवढी मिनिटं पाच जणांच्या टोळक्याने एका नाश्त्यावर घालवलेली मी दर सीझनला बघतो.

मधल्या कंट्रोलनाही, म्हणजे वाटेत आपल्या ब्रेव्हे-कार्डावर पोचल्याची नोंद करून घ्यायच्या ठिकाणांनाही, बंद होण्याची वेळ असते. पहिल्या ६० किलोमीटरना थोडी सूट आहे, ६० वरचा कंट्रोल चार तासांनी बंद होतो. त्यापुढे हिशेब ताशी १५ चा : १०० ला ६ तास ४० मिनिटं, १५० ला १० तास. मार्ग २०४ किलोमीटरचा निघाला तरी शेवटची वेळ साडेतेरा तासच राहते.

इशारा : मोबाइलमधल्या ॲपचं ‘ऑटो-पॉज’ आजच बंद करा. ते चालू असलं की थांबल्यावर घड्याळही थांबतं आणि तुमचा वेग फुगवून दाखवतं. ब्रेव्हेचं घड्याळ कोणासाठी थांबत नाही. सरावातही घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंतचीच वेळ मोजा. पहिल्यांदा आकडा बघून वाईट वाटेल.

## टप्पा १ : सायकल अंगाला बसवा (सराव सुरू करण्यापूर्वी)

नवी सायकल घेण्याची गरज नाही. हायब्रिडवर, अगदी एमटीबीवरही (माउंटन बाइक) २०० होतात. गरज आहे ती मापाची.

१. सीटची उंची. भिंतीला टेकून सीटवर बसा, अनवाणी टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यांत खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात किंचित वाक उरतो. आपल्याकडच्या निम्म्या सायकलींच्या सीट खाली असतात, कारण ‘थांबल्यावर दोन्ही पाय टेकले पाहिजेत’ ही शाळेच्या सायकलची सवय सुटलेली नसते. गुडघ्याची वाटी पुढून दुखते ती बहुतेकदा यामुळेच.

२. सीटचा कल. पातळी मोजायचं साधन नसेल तर सीटवर मोठं पुस्तक आडवं ठेवून बघा. नाक वर असेल तर नाजूक भागावर दाब येतो. फार खाली असेल तर सगळा भार तळहातांवर घसरतो.

३. हँडल. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळहातातली नस दाबली जाते आहे. हँडल थोडं वर किंवा जवळ घ्या, कोपर सैल ठेवा, दर दहा मिनिटांनी पकड बदला. दुहेरी टेपनेही फरक पडतो.

४. टायर. २८ मिलिमीटरचा टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर ७० ते ८० पीएसआय हवा पुरे. ११० भरून दगडासारखा केलेला टायर जलद पळतो हा गैरसमज आहे. आपल्या रस्त्यांवर तो फक्त हाडं खिळखिळी करतो.

५. गियर. मार्गात वाईजवळच्या पसरणी घाटासारखा चढ असेल तर पुढे ३४ आणि मागे ३२ किंवा ३४ दात हवेत. मागे २५ घेऊन घाटात उभं राहून चढणारा पुढच्या ऐंशी किलोमीटरांत त्याची किंमत मोजतो.

कपड्यांबद्दल एकच सांगतो, कारण हे दरवेळी चुकतं. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत अंडरवेअर घालायची नसते. तिची शिवण चार तासांनंतर करवतीसारखी लागते. शॉर्ट्स प्रत्येक राइडनंतर धुवायची आणि निघताना जांघेत साधं व्हॅसलिन लावायचं. दुकानात हे सांगायला लोक लाजतात, विचारायलाही लाजतात, आणि मग ते ज्ञान थेट सातारा रस्त्यावर मिळतं.

तपासणी : ४० किलोमीटर सलग करून या. काहीही दुखलं असेल तर ते पाय मजबूत झाल्यावर जाईल असं समजू नका. माप बदला, पुन्हा ४० करा. बदल एका वेळी एकच, तोही चार-पाच मिलिमीटरचा.

चाळिशी ओलांडलेली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, किंवा घरात हृदयविकार असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच पुढचा टप्पा.

## टप्पा २ : पाया (आठवडे १ ते ४)

आठवड्यात चार दिवस सायकल. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार पाऊण ते सव्वा तास, रविवारी लांब. सोमवारी पूर्ण विश्रांती. बुधवार आणि शुक्रवारी पंधरा मिनिटं प्लँक, उठाबशा आणि पाठीचे व्यायाम करा. कारण तेरा तास डोकं उचलून धरायचं काम मानेला आणि पाठीला करावं लागतं.

या चार आठवड्यांत जोर लावायचा नाही. शेजारी चालणाऱ्या मित्राशी पूर्ण वाक्यांत बोलता आलं पाहिजे. वाक्य मधे तोडून श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा. पाय मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांनी फिरू द्या. जड गियर रेटत ६० फेऱ्यांनी चालवणं ताकदीचं वाटतं, पण सगळा भार गुडघ्यांवर येतो.

रविवारची अंतरं : ४०, ५०, ६० आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा ४०.

चौथा हलका आठवडा लोक हटकून खातात. “पाय मस्त चाललेत, आता कशाला थांबायचं?” पाय मस्त चालले आहेत म्हणूनच थांबायचं. स्नायू लवकर तयार होतात, त्यांना हाडांशी जोडणारे कंडरे सावकाश. सहाव्या-सातव्या आठवड्यात टाचेमागची शीर धरली की पुढचे वीस दिवस घरी बसावं लागतं.

तपासणी : सकाळी अंथरुणातच नाडी मोजायची सवय लावा. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त लागले आणि रात्री झोपही नीट लागली नसेल, तर त्या दिवशी सायकल भिंतीलाच टेकलेली राहू द्या.

## टप्पा ३ : रविवार लांबवा (आठवडे ५ ते १०)

रविवारची अंतरं : ७०, ८५, १००, मग हलका आठवडा ६०, मग १२०, मग १५०.

२०० करण्यासाठी सरावात २०० करावे लागत नाहीत. १५० नीट खाऊन-पिऊन, मापात थांबून झाले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना चढता आला, तर उरलेले ५० होतात. ब्रेव्हेच्या दोन आठवडे आधी ‘खात्रीसाठी’ २०० मारणारे प्रत्यक्ष दिवशी दमलेले पाय घेऊन येतात.

मंगळवार किंवा गुरुवारपैकी एक दिवस आता चढाला द्या. कात्रजचा जुना घाट त्यासाठी उत्तम आहे. चढ फार तीव्र नाही आणि पहाटे वाहनं कमी असतात. दिवे घाटही चालेल, पण आषाढात माउलींची पालखी तिथून जाते तेव्हा रस्ता बंद असतो हे लक्षात ठेवा. सिंहगड मात्र मी आठव्या आठवड्याआधी सुचवत नाही. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंतचा आठ-नऊ किलोमीटरचा चढ मधूनमधून इतका अंगावर येतो की नवखा माणूस बेताने चढू शकत नाही, त्याला झुंजावंच लागतं. आणि आपल्याला झुंजायला शिकायचंच नाहीये.

चढाचा सराव असा : पायथ्यापासून बोलता येईल त्या वेगाने वर, वर न थांबता वळा, खाली या, पुन्हा वर. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा दोन-तीन मिनिटांहून जास्त लागली तर पहिली खेप जोरात गेली होती. पुढच्या आठवड्यात ती हळू करा. घाटात सगळे पुढे जाताना आपण मागे राहणं ही शिकायची गोष्ट आहे. सुरुवातीला जिवावर येतं.

इशारा : मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे. लोणावळ्याकडे जायचं तर जुना रस्ता. आणि हायवेच्या कडेच्या पट्ट्यावर समोरून उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाक्या गृहीत धरा, विशेषतः धाबे आणि पेट्रोल पंपांच्या आसपास.

## टप्पा ४ : पोटाचा सराव (टप्पा ३ सोबतच)

हा टप्पा सगळ्यांत जास्त वेळा वगळला जातो. सर्वांत जास्त डीएनएफही (राइड अर्धवट सुटणं) इथूनच निघतात. म्हणून इथे जरा थांबू.

शरीरात साठलेली साखर दीड-दोन तासांच्या दमदार सायकलिंगमध्ये बरीचशी संपते. पुढे ती तोंडावाटे घालत राहावी लागते. नवख्याने ताशी ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं धरावीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. मीठ लावलेल्या उकडलेल्या मध्यम बटाट्यात १७ ते २०. बाटलीत विरघळवलेल्या मोठ्या चमचाभर साखरेत १२ च्या आसपास. म्हणजे तासाला एक केळं आणि दोन मोठे चमचे साखरेचं लिंबू-सरबत, झालं काम. परदेशी जेलची पाकिटं खिशाला परवडत असतील तर घ्या, नसतील तर काही अडत नाही.

खायचं कसं, ते असं :

१. घड्याळात दर २० मिनिटांनी गजर लावा. गजर झाला की दोन घोट पाणी. प्रत्येक दुसऱ्या गजराला दोन घास.

२. भूक लागण्याची वाट बघू नका. भूक जाणवली तेव्हा तुम्ही अर्धा तास उशीर केलेला असतो. हात थरथरणं, उगाच चिडचिड होणं, सपाट रस्ता चढासारखा वाटणं ही त्यापुढची पायरी.

३. खाऊ जर्सीच्या मागच्या खिशात ठेवा, बॅगेच्या तळाशी नको. काढायला थांबावं लागलं की माणूस खाणं पुढे ढकलतो. राजगिऱ्याचे छोटे लाडू, बिया काढलेले खजूर, मोडून ठेवलेली चिक्की हे एका हाताने खाता येतं.

४. पाच तासांनंतर गोड नकोसं होतं. त्यासाठी खारं जवळ असू द्या : बटाटा, खारे शेंगदाणे, भाकरीचा मीठ-तूप लावलेला रोल.

मिसळीबद्दल. पुण्यातली निम्मी सायकलिंग संस्कृती मिसळीवर उभी आहे हे मला मान्य आहे आणि मीही त्यातलाच. पण तर्री आणि फरसाणातलं तेल पोटात तासन् तास बसून राहतं. माझ्या पहिल्या बीआरएमला शिरवळजवळ कट मागवून दोन प्लेट मिसळ खाल्ली आणि खंबाटकी चढताना ती प्रत्येक वळणावर आठवण करून देत होती. त्यात एका बैठकीला पन्नास मिनिटं गेली. त्या दिवशी मी शेवटच्या कंट्रोलला ११ मिनिटं उशिरा पोचलो. स्वयंसेवकाने कार्डाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि काही न बोलता मला पाण्याची बाटली दिली. मिसळ खा, पण कार्ड जमा केल्यानंतर.

पाण्याचं माप माणसागणिक बदलतं, म्हणून स्वतःचं काढा. दोन तासांच्या राइडआधी आणि नंतर घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक किलो कमी झालं आणि तुम्ही एक लिटर प्यायला होतात, तर दोन तासांत दोन लिटर घाम गेला. थंडीच्या सकाळी हा आकडा बराच कमी निघेल, ऑक्टोबरच्या उन्हात जास्त. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत राहिली तर ठीक. वजन वाढलं असेल तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त पाणी पीत आहात. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं मीठ पातळ होऊ शकतं, आणि ते पाणी कमी पडण्याइतकंच धोक्याचं आहे.

इशारा : ओआरएसचं मोठं पाकीट एका लिटरसाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं की मळमळ आणि जुलाब. आणि गुडघा दुखतो म्हणून भर उन्हात वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना त्यातल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. लघवी गडद चहासारखी झाली तर राइड तिथेच संपवा.

## टप्पा ५ : थांबे आवळा

१०० किलोमीटरच्या रविवारपासून थांब्यांचा हिशेब ठेवायला लागा. सोपा नियम : प्रत्येक ५० किलोमीटरला एक थांबा, १२ मिनिटांचा, शिवाय जेवणाचा एक, २५ मिनिटांचा. निघताना मोबाइलवर उलटी मोजणी लावा.

थांबल्यावर कामांचा क्रम ठरलेला हवा. आधी बाटल्या भरायला द्या आणि खायचं सांगा. ते येईपर्यंत लघुशंका, व्हॅसलिन, टायरवर नजर. मग खा, पैसे द्या, निघा. आपण करतो उलटं : आधी खुर्चीत पसरतो, मोबाइल काढतो, दहा मिनिटांनी वेटरला हाक मारतो, आणि निघताना आठवतं की बाटल्या रिकाम्या आहेत.

टोळक्यात राइड करणाऱ्यांना हे अवघड जातं. सहा जणांत प्रत्येकाचं एक काम निघालं तरी सगळ्यांचा अर्धा तास जातो. ब्रेव्हेला जाण्यापूर्वीच मित्रांना सांगून ठेवा की बारा मिनिटं झाली की मी निघणार, तुम्ही गाठा. वाईटपणा आला तरी चालेल.

तपासणी : १२० किलोमीटरची राइड थांब्यांसह सात तासांत होते का? नसेल तर वेग वाढवायच्या आधी थांबे बघा. दहांपैकी आठ वेळा उत्तर तिथेच असतं.

## टप्पा ६ : पंक्चर, घरच्या दिवाणखान्यात

ट्यूब बदलता येते असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ती फक्त व्हिडिओत पाहिलेली असते. मागचं चाक काढून, ट्यूब बदलून, छोट्या हातपंपाने हवा भरून, चाक परत बसवायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागतील. पंधरावर आणा.

नवी ट्यूब घातली आणि शंभर मीटरवर पुन्हा हवा गेली, ही नेहमीची रड. कारण काटा टायरमध्येच राहिलेला असतो. म्हणून क्रम पाळा :

१. टायरवरचं छापील नाव नेहमी व्हॉल्व्हच्या जागीच येईल असं बसवलेलं ठेवा.

२. जुनी ट्यूब बाहेर काढून फुगवा, भोक शोधा, व्हॉल्व्हपासून किती अंतरावर आहे ते बघा. टायरवर तेवढ्याच अंतरावर दोन्ही बाजूंना शोधा. काटा तिथेच सापडतो.

३. बाभळीचा काटा दिसतो. दिसत नाही ती तार. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यातल्या केसासारख्या बारीक तारा हायवेच्या कडेला पसरतात. त्या टायरात शिरतात आणि आतून अर्धा मिलिमीटरच डोकावतात. बोट फिरवून शोधायला गेलात तर बोट कापेल. कापसाचा बोळा आतून हळूच फिरवा. जिथे कापसाचे धागे अडकतील तिथे तार आहे. ती नखाने निघत नाही, म्हणून छोटा चिमटा किटमध्ये ठेवाच.

४. टायर बसवल्यावर हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी दाबून बघा. रिम आणि टायरमध्ये ट्यूब चिमटलेली असेल तर पंपाच्या दहाव्या झटक्याला ती फाटते.

किट : दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचे तीन लिव्हर, पंप, मल्टिटूल, चेनची जोडकडी, चिमटा, प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या, थोडी चिकटपट्टी. बस.

## टप्पा ७ : अंधार (आठवडा ११)

सकाळी सहाला निघून साडेतेरा तास धरले तर शेवट संध्याकाळी साडेसातला होतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे शेवटचा तास-दीड तास अंधारात, दमलेल्या डोळ्यांनी, शहराकडे परतणाऱ्या गर्दीत.

अकराव्या आठवड्यात ८० किलोमीटरची राइड पहाटे चारला सुरू करा. दोन तास पूर्ण अंधार मिळतो आणि वाहनंही कमी असतात. पुढचा दिवा चारशे लुमेनच्या आसपासचा, स्थिर आणि थोडा खाली वळवलेला असावा. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा लुकलुकणारा दिवा लावला की तोही तुम्हाला नीट पाहू शकत नाही. मागे लाल दिवे दोन ठेवा, एक बंद पडला तर आपल्याला कळत नाही. अंगावर परावर्तक जाकीट.

सातारा-वाई भागात नोव्हेंबरपासून ऊसतोडणी सुरू असते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय, रस्त्याच्या रंगाचे होऊन, तुमच्याच वेगाने पुढे चाललेले असतात. अंधारात आधी वास येतो, मग पाचटाची सळसळ ऐकू येते, आणि मग ट्रॉली दिसते. आपला वेग दिव्याच्या प्रकाशात थांबता येईल एवढाच ठेवा.

कुत्री मागे लागली तर जोरात पळू नका. वेग कमी करा, ठाम आवाजात दटावा, गरज पडली तर उतरून सायकल मधे धरून चाला. पळणाऱ्या पोटऱ्या त्यांना जास्त आवडतात.

## टप्पा ८ : शेवटचा आठवडा

या आठवड्यात काहीही कमावता येत नाही, घालवता मात्र येतं. मंगळवारी आणि गुरुवारी चाळीस-चाळीस मिनिटं हलकी राइड. मधे पाच-सहा वेळा अर्धा मिनिट जोरात. बाकी झोप.

नवी सीट, नवे बूट, नवी शॉर्ट्स, नवी चेन या आठवड्यात नको. चेन बदलायचीच असेल तर तीन आठवडे आधी. ब्रेकचे पॅड बघा. पावसाळ्यात घाटांत चालवली असेल तर ते झिजलेले असतातच.

आयोजकांचं नियमपत्रक आणि क्यूशीट (मार्गातल्या वळणांची यादी) सावकाश वाचा. हेल्मेट सक्तीचं असतं. दोन कंट्रोलच्या मधे स्वतःच्या गाडीतून मदत घेता येत नाही, घरच्यांना भेटायचं तर कंट्रोलवरच. कंट्रोलवर कधी स्वयंसेवकाची सही असते, कधी दुकानाच्या बिलावरची वेळ पुरावा म्हणून चालते. तुमच्या ब्रेव्हेला काय चालणार ते आधीच विचारा. सुट्टे पैसे प्लॅस्टिकच्या पिशवीत, कार्डही त्यातच. घामाने भिजून अक्षरं पुसलेलं कार्ड घेऊन शेवटी अजिजी करणारे मी पाहिले आहेत.

आदल्या रात्री वरण-भात, बटाट्याची भाजी. लग्नाचं जेवण असेल तर दहीभात खाऊन घरी या.

## टप्पा ९ : प्रत्यक्ष दिवस, किलोमीटरनुसार

पुण्याहून पाचगणीला जाऊन येणं साधारण २०० भरतं. कात्रज, खंबाटकी आणि पसरणी असे तीन घाट त्यात लागतात, म्हणून उदाहरणाला तोच मार्ग धरतो.

० ते ३०. सगळे सुसाट सुटतात. तुम्ही सुटू नका. कात्रज चढताना बोलता आलं पाहिजे. पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून जायला परवानगी आहे, पण अनोळखी माणसाच्या मागे पहाटेच्या अंधारात, खड्ड्यांच्या रस्त्यावर नको. पहिला गजर वीस मिनिटांनी. भूक नसली तरी घोट घ्या.

३० ते ७५. सपाट वाटणारा, मधूनमधून चढणारा हायवे. शिरवळ ओलांडलं की खंबाटकीच्या आधी एक केळं खाऊन घ्या, घाटात श्वास आणि घास दोन्ही जमत नाहीत. घाटात ट्रकही रांगत असतात. त्यांच्या उजवीकडून पुढे जाण्याचा मोह टाळा.

७५ ते १००. सुरूर फाट्यावरून आत वळलं की गर्दी सुटते. वाईत बाटल्या भरा. पसरणीचा साधारण बारा किलोमीटरचा चढ सगळ्यांत हलक्या गियरमध्ये घ्या. उतरून पाचशे मीटर चाललात तर कोणी गुण कापत नाही. पाचगणीला १०० वर सहा तासांच्या आत पोचलात तर चाळीस मिनिटं हातात आहेत. ती टेबललँडच्या पॉइंटवर घालवू नका.

१०० ते १३०. उतरताना जाकीट घाला, घाम गार पडून अंग आखडतं. ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी दाबा, वळणात सोडा. उतारावर पाय हलके फिरवत राहा.

१३० ते १७०. इथे डोकं कुरकुरतं. “का करतोय हे?” हा प्रश्न साधारण १४० ला येतो आणि बहुतेक वेळा तो साखर कमी झाल्याचा असतो. आधी खा, पंधरा मिनिटं थांबा, मग निर्णय घ्या. छातीत दुखणं, चक्कर येणं, घाम अचानक बंद होणं यांत मात्र पंधरा मिनिटं थांबायचं नाही. सायकल बाजूला लावा आणि मदत मागा.

१७० ते २००. दिवे अंधार पडण्याच्या अर्धा तास आधीच लावा. शिंदेवाडीपासून कात्रजकडे शेवटचा चढ लागतो. तो नकाशावर क्षुल्लक दिसतो, पायांना दिसत नाही. त्याच्या आधी शेवटचा खजूर संपवा. घड्याळात वेळ असेल तर शहरात शिरल्यावर घाई नको. १९५ वर सिग्नल तोडून हाडं मोडून घेतलेला एक जण आमच्यात आहे.

पोचल्यावर आधी कार्डावर वेळ आणि सही घ्या, मग फोटो, मग मिठ्या. सगळे कंट्रोल भरलेत का ते तिथेच उभं राहून तपासा आणि कार्ड देण्यापूर्वी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. अर्ध्या तासात काहीतरी खारं आणि काहीतरी प्रथिनांचं पोटात जाऊ द्या. घरी स्वतः गाडी चालवत जाऊ नका, कोणालातरी बोलावून घ्या. दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं चाला. सायकल तिसऱ्या दिवशी, हलकी. आणि ३०० चा फॉर्म त्याच रात्री भरू नका. निदान बैठक बरी होऊ द्या.